डोमाजीची आडवी जीप

जीप आडवी झाली तेव्हा पंचफुला रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून बसलेली होती.

आधी ती समोरच्या काचेतून दिसत होती. मग काच फिरली, काचेत बाभळी आल्या, शेत आलं, आणि पंचफुला डोमाजीच्या उघड्या बाजूने, त्याच्या खांद्यापलीकडे दिसू लागली. म्हणजे गाडीचं तोंड शेताकडे झालं होतं, पण गाडी सरकत होती पंचफुलाकडेच. मागचा भाग उजवीकडच्या विहिरीकडे निघाला होता. त्या विहिरीला कठडा नव्हता. मागे संत्र्याच्या पेट्या एकमेकींवर आदळत होत्या. रुखमा माझ्या मांडीवर पडून "मेलो वं माय, मेलो" करत होती. मी ओरडले नाही. धीराची म्हणून नाही. तोंडात सुपारी होती आणि ती घशात जाईल याची भीती वाटली.

चाकांखाली रस्ता लागतच नव्हता. सगळं सोयाबीन होतं.

एवढं सांगून मी थांबते, कारण डोमाजी कोण होता हे कळल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. नुसता अपघात कोणीही सांगेल.

डोमाजी सौंसरला आमच्या शेजारी राहायचा. त्याच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. त्याच्याकडे भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते आम्हाला ऐकू यायचं, कारण पंचफुलाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज मोठा. डोमाजी एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची जीप चालवायचा. जीप लष्कराच्या लिलावातली, जुनी. वर ताडपत्री आणि बाजूंना काहीच नाही. सौंसरच्या बागांमधून पेट्या भरायच्या आणि पांढुर्ण्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरवायच्या, हे त्याचं काम. आमच्या बागेचा मालही तोच न्यायचा. तोडा चालू असला की मी आणि आमच्या बागेत कामाला येणारी रुखमा झाडाखाली बसून पेट्या भरायचो, खाली तणस, वर संत्रं, पुन्हा तणस. डोमाजी आला की धुरळ्यावरूनच कळायचं.

हल्ली पोरं मोबाइलवर दाखवतात, गाड्या आडव्या करून वळणं घेतात. त्याला ड्रिफ्टिंग म्हणतात म्हणे. डोमाजी हे ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत करत होता, आणि आमच्याकडे त्याला "बूड फेकणं" म्हणत. गाडी जोरात आणायची, स्टेअरिंग फिरवायचं, आणि मागचा भाग असा फेकायचा की पुढचं तोंड जिथल्या तिथे आणि मागचं गोल फिरून दुसरीकडे. हे खरं कसब का नुसता देखावा, यावर सौंसरच्या बसस्टँडवरच्या टपरीत चहा थंड होईपर्यंत भांडणं व्हायची. तिथे एक म्हातारे ड्रायव्हर बसत. आयुष्यभर बस चालवलेली. ते म्हणायचे, "गाडी रस्त्यावर ठेवते तो ड्रायव्हर. रस्त्याच्या बाहेर फेकते तो मदारी."

डोमाजीला कोणी हे येऊन सांगितलं तर तो चिडायचा नाही. "मदारीच्या माकडाले बी काही येते ना बापा," म्हणायचा, "तवाच लोक पाहून राहते."

पण हे त्याने हौसेने सुरू केलं नव्हतं, हे मला माहीत आहे, कारण त्यात माझ्या पेट्या फुटल्या.

झालं असं की एका हंगामात जीपचा रिव्हर्स गिअर गेला. गाडी पुढे जायची, मागे यायची नाही. शेठ म्हणाले, हंगाम आटपू दे, मग पाहू. आता पांढुर्ण्याच्या मालधक्क्यापाशी जागा अरुंद, एका बाजूला भिंत. पेट्या मागून उतरतात, म्हणजे गाडीचं बूड धक्क्याकडे पाहिजे. रिव्हर्स नाही तर ते तिकडे जाणार कसं? काही दिवस हमालांनी ढकलून फिरवली. मग त्यांनी साफ सांगितलं, "डोमा, आमी पेट्या उचलाले येतो. तुही जीप ओढाले बैल आन."

तेव्हा हा जिनिंगच्या पटांगणात जाऊन शिकला. पावसाळ्यात तिथे कापूस नसतो, काळी माती ओली होऊन लोण्यासारखी झालेली असते. मालधक्का म्हणून त्याने माझ्या रिकाम्या पेट्या नेऊन उभ्या केल्या. त्यातल्या निम्म्या फुटक्या परत आणल्या. मी दारातच धरला त्याला.

"काहून रे, गाडी चालवून राहिला का लाकडं फोडून राहिला?"

"वहिनी, ऐका तं. शिकून राहिलो मी."

"माह्या पेट्यांवर?"

"तुमी न्हानीतल्या दगडावर साबणावरून घसरल्या तं काय करता? पाय रोवता का?"

"रोवीन नाही तं काय!"

"रोवला का आपटल्या. जिकडे पाय जाऊन राहिला तिकडेच अंग सोडाचं, मंग आपोआप सावरते. गाडीचं बी तसंच हाय. ब्रेकवर पाय दाबून ठेवला का गाडी आपली नाही राहत. घसराचं तं घसरू द्याचं तिले. फक्त कुठं घसराचं ते आपन सांगाचं."

मी म्हटलं, "पेट्यांचं सांग." पेट्या त्याने सुताराकडून नीट करून आणल्या. पण साबणाचं मात्र मी एकदा करून पाहिलं. खरं होतं.

पुढे रिव्हर्स गिअर दुरुस्त झाला. गरज संपली. बूड फेकणं संपलं नाही. तोपर्यंत धक्क्यावर त्याला पाहायला माणसं थांबू लागली होती. गाडी आली की हमाल विड्या विझवून बाजूला व्हायचे, हा सरळ आल्यासारखा यायचा आणि शेवटच्या क्षणी धुरळ्याचा गोल उठायचा. धुरळा बसला की बूड धक्क्याला लागलेलं. मग डोमाजी खिशातून कंगवा काढायचा. उजवीकडे पाहायचा, डावीकडे पाहायचा, कोण कोण पाहून राहिलं ते मोजल्यासारखं, आणि केस मागे फिरवायचा. केस काही फार नव्हते. तरी कंगवा निघायचाच. पंचफुला म्हणायची, "याची गाडी कंगव्यानं थांबते."

म्हणजे सुरुवात गरजेची आणि पुढचं सगळं नखऱ्याचं. माझं मत विचाराल तर हे असं होतं. मी त्याच्या तोंडावर सांगायची आणि तो हसायचा.

बाकी माणूस वेगळाच होता. गाडी चालवताना चपला काढून ठेवायचा, अनवाणी चालवायचा. म्हणायचा, पेडल अंगठ्याला कळलं पाहिजे. काचेखालच्या पट्टीवर एक संत्रं ठेवायचा. रस्ताभर ते हललं नाही पाहिजे, हा त्याचा नेम. बैलबंडी दिसली की हॉर्न वाजवायचा नाही, बैल बुजतात म्हणून. मागे मागे मुकाट चालायचा, कितीही उशीर होऊ दे. दुसऱ्याच्या गाडीत बसायला घाबरायचा. आणि जत्रेतल्या पाळण्यात बसला की ओकायचा. पंचफुला त्याला मुद्दाम पाळण्यात न्यायची. ती त्याच्यापेक्षा हातभर उंच. वर गेली की खाली पाहून हसायची, आणि हा डोळे मिटून बसलेला.

त्यांचं बरं चाललं होतं. मग तिच्या भावाचं, सुखदेवचं लग्न निघालं.

पंचफुलाचं माहेर तिगाव, पांढुर्ण्याच्या अलीकडे. सौंसरहून पांढुर्ण्याला जाताना त्यांचं शेत रस्त्यालाच लागतं. लग्न उन्हाळ्यातलं, तिगावातच. नवरदेवाला पारावरून मांडवापर्यंत डोमाजीने जीपमधून आणायचं ठरलं. मीही होते लग्नात. पंचफुलाने सकाळीच बजावलं होतं, "सरळ आन. माह्या भावाले सरळ आन." तो म्हणाला, "मी काय येडा हाय?"

मांडवासमोर शेदोनशे माणूस. बाजेवाले वाजवून राहिलेले. एवढी माणसं एका जागी पाहिली आणि डोमाजीचं डोकं फिरलं. फेकलंच बूड. धुरळा उठला तो सरळ पंगतीवर. भातावर, वरणावर, बुंदीवर. मागचा कोपरा मांडवाच्या बल्लीला लागला, बल्ली निघाली, आणि मांडवाचं एक अंग बाजेवाल्यांवर बसलं. आतून सनई काही वेळ वाजतच होती. नवरदेवाला काही झालं नाही, फक्त बाशिंग कानावर आलं. कोणाला लागलं नाही, पण व्याह्यांना दाखवायला तोंड राहिलं नाही. आणि या माणसाने, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या धुरळ्यात कंगवा काढला.

पंचफुला तिथल्या तिथे म्हणाली, "मी येत नाही."

"घरी तं चाल," डोमाजी म्हणाला.

"ज्या दिवशी हे बूड फेकनं सोडशील त्या दिवशी ये. साक्षीले कोनी मानूस घेऊन ये. तुह्या येकट्याच्या बोलण्यावर माहा इश्वास नाही."

ती तिगावलाच राहिली. पावसाळा गेला, पोळा गेला, दसरा गेला. भिंतीपलीकडे आवाज नाही. आम्हालाही चुकल्यासारखं व्हायचं. डोमाजी भाकर करायचा ती एका बाजूने कोळसा आणि एका बाजूने पीठ. मी भाजी द्यायची. तो भाजी घ्यायचा आणि म्हणायचा, "येईल ते. कुठं जाते?" मग दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पुन्हा बूड फेकून यायचा. तिला जाऊन शब्द द्यायला तयार नव्हता. म्हणायचा, "वहिनी, याच्याशिवाय माह्याजोळ हाय काय? ड्रायव्हर तं किती बी हायत. लोक मले याच्यानंच ओळखून राहिले."

मी म्हटलं, "लोक ओळखते तुले. भाकर करून देते का?"

दिवाळी चारपाच दिवसांवर आली तेव्हा तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, सदऱ्याला बटण नाही. म्हणाला, "चाला वहिनी. साक्षीले तुमी चाला. गाडीची आन घेतो. आजपासून बूड फेकनं बंद."

त्याने जीपच्या बॉनेटवर, म्हणजे पुढच्या झाकणावर, हात ठेवून शपथ घेतली. मी पाहिली. आंबिया बहाराच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला निघणाऱ्या संत्र्यांच्या, पेट्या पांढुर्ण्याला जायच्याच होत्या. मी पुढे बसले. रुखमाला दिवाळीचा बाजार करायचा होता, ती माझ्या बाजूला दाटीवाटीने बसली.

त्या दिवशीसारखी जीप मी कधी पाहिली नाही. डोमाजी इतका हळू चालला होता की सायकलवाले आम्हाला मागे टाकून वळून पाहत होते. वळण आलं की तो आणखी हळू व्हायचा. काचेखालचं संत्रं देवासारखं बसून होतं. रुखमाने शेवटी म्हटलंच, "डोमाभाऊ, याच्यापेक्षा बंडी बरी. बैल तरी मंधात शेपटी हालवते."

"हासा तुमी," डोमाजी म्हणाला. "शपथ हाय."

आमच्याकडे एक रीत आहे. तूर, ज्वारी, हरभरा, जे निघालं असेल ते डांबरी रस्त्यावर पसरून ठेवायचं. गाड्या त्यावरून जातात, मळणी फुकट होते. ड्रायव्हरनेही त्यावरूनच जायचं. बाजूने काढली तर शेतकरी मागून शिव्या देतो, एवढ्याने तुझी चाकं झिजतात का म्हणून. डोमाजी नेहमी मुद्दाम पसाऱ्यावरून जायचा. पण त्या दोनतीन वर्षांत आमच्याकडे सोयाबीन नवीन आलं होतं. लोकांनी जुनीच रीत त्यालाही लावली. सोयाबीनचा दाणा गोल, गुळगुळीत. उन्हाने शेंगा तडकल्या की दाणे खाली बसतात आणि वर नुसतं कुटार, म्हणजे भुसा, दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं तुरीसारखंच आहे. खाली गोट्या पसरलेल्या असतात.

तिगावच्या अलीकडचं ते वळण. सुखदेवचं शेत डाव्या हाताला, विहीर उजव्या हाताला, मधे रस्त्यावर सोयाबीन. आणि पसाऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाला पंचफुला बसलेली, दाताळ्याने कुटार उलटंपालटं करत.

तिने जीपचा आवाज ओळखला होता. तिने स्वतः मला नंतर सांगितलं. गाडी आली की माणूस उठतो. ती उठली नाही. "मनलं, पाह्यतो मले पाहून थांबते का नाही," असं म्हणाली. रुसलेलं माणूस उठून उभं राहिलं तर रुसवा राहिला कुठे? म्हणून ती पाठ करून बसली.

आणि हा तिला पाहून थांबायला गेला. मी त्याचा पाय पाहिला. अनवाणी पाय ब्रेकवर गेला, अगदी हळू, शिकाऊ माणसासारखा. चाकं थांबली. गाडी थांबली नाही. ती तशीच सरळ, आवाज न करता, पंचफुलाच्या पाठीकडे जाऊ लागली. डोमाजीने "पंचे!" अशी हाक मारली. तिने मान वळवली नाही. तिला वाटलं, मनवायला हाक मारून राहिला.

मग त्याने पाय उचलला.

तिथून पुढचं मी सुरुवातीला सांगितलं. त्याने स्टेअरिंग डावीकडे पिळलं, पायाने गाडीला थोडा जोर दिला, आणि मागचं सगळं उजवीकडे निघालं. समोरून चारही चाकं सरळ आली असती तर ती दाण्यांवरून तरंगत गेली असती. आडवी झाल्यावर ती दाण्यांवरून जाईना, दाणे पुढे लोटू लागली. चाकांपुढे कुटाराचा आणि दाण्यांचा ढीग होत गेला, ढीग वाढत गेला, गाडी जड होत गेली. मागचं चाक रस्ता सोडून विहिरीच्या बाजूच्या मातीत उतरलं आणि रुतलं. एक पेटी उडून विहिरीत पडली, तिचा आवाज बऱ्याच वेळाने आला. मग सगळं थांबलं.

डोमाजी आणि पंचफुला यांच्यामध्ये तो सोयाबीनचा ढीग होता, बस. त्याने बसल्या जागेवरून हात लांब केला असता तर तिच्या अंबाड्याला लागला असता.

आता पंचफुला वळली. तिने काय पाहिलं? नवरा, आडवी जीप आणि धुरळा. दाताळं घेऊन उठली.

"आला का तमाशा घेऊन? लग्नात केला तेवढ्यानं पोट नाही भरलं? आता मले भेव दाखवाले आला?"

डोमाजी स्टेअरिंगवरचे हात काढेना.

"बोल ना! बायायले बी बसवून आनलं. पाहाले मानसं पाहिजेत ना तुले!"

रुखमा रडत रडत म्हणाली, "त्यानं नाही वं माय, तुह्या सोयाबीननं मारलं असतं आमाले."

मी सुपारी थुंकली. म्हटलं, "पंचफुला, पाय पाहून टाक."

तिने ऐकलं नाही. कधी ऐकायची? दाताळं उगारून एक पाऊल पुढे टाकलं, तो पाय सोयाबीनवरून जो निघाला तो निघालाच, आणि एवढी उंच बाई धपकन रस्त्यावर बसली. दाताळं एकीकडे, ती एकीकडे. तिने हाताखाली चाचपून पाहिलं. मूठभर दाणे उचलले. विहिरीकडे पाहिलं. मागचं चाक कुठे आहे ते पाहिलं. मग डोमाजीकडे.

तो अजून तसाच बसला होता. स्टेअरिंग धरून. उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही. कोण पाहून राहिलं याची त्याला पर्वा नव्हती. तो फक्त तिच्या पायांकडे पाहत होता, दोन्ही जागेवर आहेत ना म्हणून.

पंचफुला म्हणाली, "कंगवा नाही काढला?"

तो म्हणाला, "हात चालून नाही राहिला."

मी साक्षीला गेले होते, पण मला काही बोलावंच लागलं नाही.

तेवढ्यात सुखदेव शेतातून धावत आला. त्याने जीप पाहिली, ढीग पाहिला, विहीर पाहिली, आणि पहिलं काय विचारलं तर, "दाने तं नाही ना गेले विहिरीत?" शेतकरी माणूस. मग त्याला काय झालं असतं ते कळलं आणि तो बांधावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "भाऊजी, मळनी मातर बेस झाली."

तेव्हा कुठे डोमाजीला हसू आलं. हसू आलं आणि मग तो जीपच्या मागे जाऊन ओकला, पाळण्यात बसल्यासारखा. पंचफुलाने त्याला पाणी दिलं.

सौंसरला ही गोष्ट आमच्या आधी पोचली. टपरीवर सांगत होते की गाडी पूर्ण गोल फिरली आणि काचेखालचं संत्रं हललं पण नाही. खोटं आहे. संत्रं पहिल्याच झटक्याला पडलं. रुखमाने ते बांधावर बसून खाल्लं, तिला भीतीने भूक लागते.

ते म्हातारे ड्रायव्हर मात्र टपरीवर बसून राहिले नाहीत. डोमाजीच्या घरी आले. मी भिंतीअलीकडून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "ब्रेक मारला होता का पह्यले?"

"मारला."

"मंग?"

"मंग सोडला."

म्हातारे उठले. मग म्हणाले, "मारनं सगळ्यायले येते." आणि चहा न घेता गेले. मदारी हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

मला कोणी विचारलं की ते कसब होतं का देखावा, तर मी दोन्ही बाजू सांगते. डोमाजी नेहमीच्या वेगाने आला असता, तर कसब असो नाहीतर आणखी काही, आम्ही पंचफुलाला घेऊन विहिरीत गेलो असतो. तो हळू आला तो शपथेमुळे, म्हणजे पंचफुलामुळे. आणि शपथ पाळत बसला असता तरी ती गेलीच असती. हळू येणं तिचं आणि फेकणं त्याचं. लोकांना एकच उत्तर पाहिजे असतं, तर ते माझ्याकडे नाही.

पंचफुला दिवाळीला घरी आली. भिंतीपलीकडे पुन्हा आवाज सुरू झाला, भाजीत मीठ जास्त पडू लागलं. शपथेत तिने स्वतःच दुरुस्ती केली. मानसं बसवून नाही, मांडवाजोळ नाही, आनि सोयाबीनवर तं बिल्कूल नाही. बाकी जिनिंगच्या पटांगणात कराचं ते कर. डोमाजीने ते पाळलं. धक्क्यावर तो रिव्हर्स गिअर टाकून गाडी लावू लागला, चारचौघांसारखी. हमालांना आवडलं नाही. सुखदेवनेही त्यानंतर सोयाबीन खळ्यात नेलं, आणि त्या पट्ट्यात बऱ्याच लोकांनी नेलं.

ऐंशीचं दशक संपता संपता शेठने छोटा ट्रक घेतला आणि जीप भंगारवाल्याला द्यायची ठरवली. न्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी बाजारातून भाजी घेऊन जिनिंगच्या बाजूने येत होते. पटांगण रिकामं होतं. जीप एका टोकाला उभी होती. डोमाजी आत, अनवाणी. चपला बाहेर जमिनीवर काढून ठेवलेल्या, देवळात जाताना ठेवतात तशा. आणि त्याच्या बाजूला पंचफुला बसलेली. माणसं बसवून नाही, असं तिनेच सांगितलेलं. तिने पदर कमरेला खोचला होता आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला होता. मी तारेच्या कुंपणापाशी थांबले. त्यांनी मला पाहिलं नाही.

ती काहीतरी म्हणाली. बहुतेक "चाल" म्हणाली असेल.

जीप निघाली, मधे आली, आणि बूड फिरलं. धुरळ्याचा गोल उठला आणि त्यात दोघंही दिसेनासे झाले. आतून पंचफुलाचं हसणं ऐकू येत होतं, पाळण्यात वर गेल्यावर हसायची तसं. धुरळा खाली बसला तेव्हा डोमाजीने इकडेतिकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या खिशातून कंगवा काढला आणि त्याच्या डोक्यावरून फिरवला. तोपर्यंत तिथे विंचरायला काहीच राहिलं नव्हतं.

मी घरी गेले. वांगी चिरायची होती.

डोमाजीचं वय झालं आणि तो आपल्या बिछान्यात गेला, गाडीत नाही. रुखमा आधीच गेली, तापाने. पंचफुला माझ्या शेजारीच आहे, आता कमी ऐकू येतं म्हणून आणखी मोठ्याने बोलते. पण तिगावच्या त्या वळणावर आम्ही चार माणसं होतो, रस्त्यावर पंचफुला आणि जीपमध्ये डोमाजी, रुखमा आणि मी, आणि त्या दिवशी चौघंही जिवंत राहिलो.